तीन हजार ते सहा कोटी

मे १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या किनाऱ्यावर एका विशीतल्या तरुणाची मांडी मोडली. त्याला पुण्याच्या रुग्णालयात आणले गेले, तिथे पुरेशी भूल न देता जोर लावून हाड बसवण्यात आले आणि त्या धक्क्यानेच तो दगावला, असा निष्कर्ष न्यायालयांनी काढला. वडिलांना ३,००० रुपये भरपाई मंजूर झाली. सर्वोच्च न्यायालयात ती कायम होईपर्यंत १९६८ साल उजाडले होते. १९९८ मध्ये कोलकात्यात दिलेल्या स्टेरॉइडच्या अवाजवी मात्रेनंतर प्रकृती ढासळून पुढे मुंबईत मरण पावलेल्या अनुराधा साहा यांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने २०१३ साली सुमारे सहा कोटींची भरपाई ठरवली.

रकमांमधले अंतर बाजूला ठेवले, तर या दोन्ही खटल्यांतले एक साम्य मला फार बोलके वाटते. पहिल्यात लढणारे वडील डॉक्टर होते, दुसऱ्यात लढणारे पती डॉक्टर होते. केसपेपर वाचून कुठे चुकले हे त्यांना स्वतःला कळत होते.

आमच्या सोलापुरात धाराशिवपासून विजयपूरपर्यंतचे रुग्ण येतात आणि त्यांच्यापैकी बहुतेकांना डिस्चार्ज कार्डावरची एक ओळही लागत नाही. पूर्व भागातल्या माझ्या ओळखीच्या एका विडी कामगार बाईंचा गर्भपिशवीच्या शस्त्रक्रियेनंतर मृत्यू झाला, तेव्हा रुग्णालयाने मध्यस्थ घालून घरच्यांना काही रक्कम दिली आणि ‘आमची कोणतीही तक्रार नाही’ अशा कागदावर नवऱ्याची सही घेतली. त्या पैशांतून मुलीची फी भरली गेली, हे मी नाकारत नाही. पुढे बऱ्याच महिन्यांनी तिचे पती मला म्हणाले, ‘‘पैसे दिलेत हो त्यांनी, पण नेमकं झालं काय, ते कुणी सांगिना.’’ सुपात पाने कातरून घरी विड्या वळणाऱ्या बाईची कमाई हजार विड्यांमागे ठरते. भरपाईचा हिशेब मुख्यतः बुडालेल्या उत्पन्नावरच मांडला जात असल्याने, हे प्रकरण ग्राहक तक्रार आयोगापुढे गेले असते तरी तिच्या जिवाची किंमत त्या मजुरीच्या आसपासच घुटमळली असती. आई गेल्याने त्या घरात जी पोकळी झाली, ती मात्र उत्पन्नाच्या कोणत्याही रकान्यात बसत नाही.

शिवाय भरपाई भरतो कोण? डॉक्टर व्यावसायिक विमा उतरवतात, रुग्णालयेही उतरवतात. भरपाई हमखास मिळावी यासाठी ही सोय चांगलीच आहे, परंतु ज्याच्या हातून चूक झाली त्याच्या खिशाला ती अनेकदा लागतच नाही. त्याच्या मनाला लागली की नाही, हे तर कुणी विचारतही नाही.

म्हणून सरसकट तुरुंगच हवा, असे माझे म्हणणे नाही. फौजदारी गुन्ह्यासाठी निष्काळजीपणा ठळक, घोर असला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सांगितले, आणि ते मला पटते. अन्यथा गुंतागुंतीचा रुग्ण दाखल करून घ्यायला कुणी धजावणार नाही. रुग्णालयाच्या काचा फोडणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको.

माझा आग्रह वेगळ्या जागी आहे. १९९५ पासून रुग्णाला ग्राहक म्हणून दाद मागता येते, पण ग्राहक म्हटले की व्यवहार आला आणि पैसे चुकते केले की व्यवहार मिटला, अशी समजूत दोन्ही बाजूंची होऊन बसते. मृत्यूचे तसे होत नाही. पैसे द्यावेत, भरघोस द्यावेत, कारण चूल पेटायला तेच लागतात. मात्र त्याआधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी नातेवाइकांसमोर बसून, त्यांना समजेल अशा मराठीत, तेलुगूत किंवा कन्नडमध्ये, कोणत्या क्षणी काय करायला हवे होते आणि ते का झाले नाही, हे सांगितले पाहिजे. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत उपचारांची कागदपत्रे देणे बंधनकारक आहे. त्या नवऱ्याला हे ठाऊक नव्हते आणि सही घेणाऱ्यांनी ते सांगण्याची तसदी घेतली नाही. तिथे दिलेली रक्कम कितीही मोठी असती, तरी मी तिला गप्प बसण्याचा मोबदलाच म्हणालो असतो.