अकरा इंच दोन सूत

लग्नसराईत दिवसाला पंधरा-वीस दंड माझ्या टेपखालून जातात. मुंढा, बाही, दंड, मनगट असं ओळीनं वहीत उतरत जातं. सांगलीत हरभट रोडच्या आतल्या गल्लीत माझं टेलरिंगचं दुकान आहे. गिऱ्हाईक पायरी चढतानाच त्याच्या दंडाचा मला अंदाज येतो, आणि चुकलाच तर दोन सुतांनी चुकतो. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सुतार आणि आम्ही अजून त्याच हिशेबात बोलतो.

स्वतःचा दंड मात्र चाळिशीपर्यंत कधी मोजला नव्हता. मोजला तेव्हा १० इंच ६ सूत भरला. हे माप मी शाळेच्या गणवेशाला लिहितो, नववीतल्या पोरांच्या.

मोजायची बुद्धी पुरानं दिली. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट, म्हणजे काय झालं असेल ते सांगलीकराला सांगायला नको. पाणी गल्लीच्या तोंडाशी आलं तेव्हा मी दोन मशिनी आणि ओव्हरलॉक, म्हणजे कापडाच्या कडा बांधायचं मशीन, पोटमाळ्यावर चढवायला लागलो. पहिलं मशीन छातीपर्यंत आलं, आणि तिथून वर हात जाईनातच. शेजारच्या किराणावाल्याच्या पोरानं खालून रेटा दिला म्हणून ते वाचलं. ओव्हरलॉक राहिलंच, ते चार दिवस पाण्यात होतं. त्या पोराचा दंड मी आधीच मोजलेला होता. तेरा.

जिमला जायचं ठरलं, मग करोना आला, आणि खरं पाऊल पडायला २०२१ ची दिवाळी उलटली. पुढची दोन वर्षं मी जे केलं त्याला व्यायाम म्हणायचं तर म्हणा. ट्रेनरनं सांगितलं, दंड पाहिजे तर रोज दंडाचाच व्यायाम करा. मी रोज सरळ रॉड उचलायचो. त्याच्याकडूनच पावडरचा एक डबा घेतला, महिन्याच्या वीजबिलापेक्षा महाग. जिममधून निघताना आरशात दंड भरलेला दिसायचा आणि दुकान उघडेपर्यंत उतरायचा. ते फुगणं रक्ताचं असतं, मांसाचं नव्हे, एवढंही कळत नव्हतं. दोन वर्षांनी टेप लावला: ११ इंच २ सूत. म्हणजे चार सूत वाढ, आणि वर कोपराच्या आतल्या बाजूला अशी कळ की कात्रीनं सुटिंगचं कापड कापवेना. दीड महिना कटिंग बायकोनं केलं. मांस लवकर सरावतं, हाडाला धरणारे दोर मात्र सावकाश सरावतात, आणि रोज तोच ताण दिला तर ते आधी बोंबलतात. हे मला कोपरानं शिकवलं.

त्याच दिवसांत एक जुने पैलवान नेहरू शर्टाच्या मापाला आले. साठी ओलांडलेले, तालमीतून बाहेर पडूनही पंचवीस वर्षं झालेली. हात लोंबता सोडून माप घेतलं तरी साडेपंधरा.

"मास्तर, जिमला जाताय म्हणं?"

"जातो की, दोन वर्षं झाली."

"मग दंड कुठाय?"

मी मुकाट बाही वर करून हात दुमडला आणि बेटकुळी दाखवली. त्यांनी तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. माझा टेप धरलेला हात घेऊन स्वतःच्या दंडाच्या मागच्या बाजूवर ठेवला आणि कोपर सरळ केलं. हाताखाली लाटणं फिरावं तसं काहीतरी घट्ट सरकलं.

"पुढचं आरशात दिसतंय म्हणून सगळी पोरं पुढचंच घासत बसत्यात. बाही भरती ती मागून. जोर मारून मारून आमचं हे झालंय."

इतकी वर्षं टेप फिरवतोय, पण दंड मागून भरतो हे मला कधी सुचलं नव्हतं. खरं म्हणजे पटायला नुसता टेप पुरे. दंडातल्या मांसाचा साधारण दोन तृतीयांश भाग मागचा, म्हणजे ट्रायसेप्सचा. पुढच्या बायसेप्सला दोन डोकी, म्हणजे वरून निघणाऱ्या दोन फांद्या, मागच्याला तीन. त्यातलं लांब डोकं खांद्याच्या पात्यापासून निघतं, त्यामुळं कोपर कानाजवळ नेऊन वजन डोक्यामागं सोडलं की तेच सगळ्यात जास्त ताणलं जातं. पुढंही बायसेप्सच्या खाली आणखी एक स्नायू दडलेला असतो. अंगठा वर ठेवून, हातोडी धरल्यासारखा डंबेल उचलला की त्याच्यावर जास्त भार येतो. अस्तर चांगलं असलं की कोट आपोआप भरदार दिसतो, तसंच ते.

पैलवान गेले आणि मी रोज जाणं बंद केलं. आता सोमवारी आणि गुरुवारी दंड, मध्ये एक दिवस पाय-पाठ. मागच्या बाजूला आठवड्याला दहा-बारा सेट, पुढच्याला आठ. सेट म्हणजे न थांबता सलग मारलेल्या उचली. डिप्स, म्हणजे दोन दांड्यांवर हात टेकून अंग खाली-वर नेणं, डोक्यामागचा डंबेल, आणि पंजे आपल्याकडं करून बारला लटकून वर जाणं. हे शेवटचं सुरुवातीला एकही जमत नव्हतं. स्टुलावर चढून हनुवटी बारवर ठेवायची आणि चार-पाच आकडे मोजत सावकाश खाली यायचं, असं तीन महिने केलं. खाली येताना स्नायूला जो मार बसतो तो फुकट घालवायचा नाही. प्रत्येक सेट असा, की थांबलो नसतो तर आणखी एक-दोनच निघाले असते.

आता दोन गोष्टी माझ्या धंद्यातल्या.

टेप माझ्या गळ्यात कायम असतो, जिममध्येही काढायचं विसरतो. एकदा आरशासमोर कर्ल, म्हणजे कोपर दुमडून डंबेल वर आणणं, मारताना बघतो तर टेपची दोन्ही टोकं घड्याळाच्या लंबकासारखी हलतायत. म्हणजे वजन दंड उचलत नव्हता, कंबर उचलत होती. दोन वर्षं हेच चाललं होतं. तेव्हापासून नियम एकच, टेप हलला की तो रेप, म्हणजे ती उचल, बाद. पहिल्या दिवशी दहा किलोवरून साडेसातवर उतरावं लागलं. बाजूची कॉलेजची पोरं हसली. तळहात मांडीकडं ठेवून सुरुवात करायची आणि वर नेताना आभाळाकडं फिरवायचा, हेही तेव्हाच धरलं. स्क्रू आवळायला हात फिरवतो तेही बायसेप्सचंच काम आहे.

दुसरी गोष्ट वजनाची. आमच्या जिममध्ये डंबेल साडेसातनंतर थेट दहाचा. टक्क्यात धरलं तर ही उडी तेहेतीस टक्क्यांची. शिवणकामात असं कोण करतं? बाही ढिली करायची तर आपण सुतानं सोडतो. साडेसातचे बारा रेप निघायला लागले तरी दहाचे चार निघेनात, आणि निघाले तर टेप हलायचा. मग जीन्स आखूड करताना उरलेल्या पायांच्या तुकड्यांच्या छोट्या पिशव्या शिवल्या. आत वाळू, तोंडाला दुहेरी टीप, बाहेरून वेल्क्रोचा पट्टा. किराणावाल्याच्या काट्यावर प्रत्येक पिशवी पाव किलोची केली. डंबेलच्या दोन्ही टोकांना एकेक बांधली की आठ किलो. पहिली पिशवी एकेरी टिपेची होती, ती तिसऱ्या सेटला उसवली आणि जिमभर वाळू झाली. झाडू मीच मारला. आता आत प्लॅस्टिकची पिशवी घालतो. साडेसातवरून दहावर जायला पाच महिने लागले. हसणाऱ्या पोरांतल्या दोघांनी नंतर पिशव्या मागून नेल्या. एकाकडं अजून शिलाई बाकी आहे.

अर्धा किलो म्हणजे काय, असं कुणी म्हणालं की मी आमच्या वेटलिफ्टर संकेत सरगरचं नाव घेतो. सांगलीचाच, पानपट्टी चालवणाऱ्या घरातला. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात त्यानं २४८ किलो उचललं, आणि सोनं मलेशियाच्या गड्यानं २४९ वर नेलं. शेवटच्या उचलींत उजवं कोपर दुखावलं आणि रौप्य हाती आलं. त्याचा खेळ वेगळा, तो पायांचा आणि पाठीचा, माझ्या डंबेलशी त्याची तुलना नाही. पण त्या रात्री टीव्हीसमोर बसून मी नकळत स्वतःचं कोपर चोळत होतो.

खाण्याचं फार लांबवत नाही. डबा संपला तो परत घेतला नाही. किलोमागं दीड ग्रॅमच्या वर प्रथिनं पाहिजेत असं धरलं, म्हणजे माझ्या ६५ किलोला शंभरेक ग्रॅम. चार अंड्यांचे चोवीस, पन्नास ग्रॅम सोयाबीन वड्यांचे पंचवीस, अर्धा लिटर दुधाचे सोळा, बाकी डाळ, दही, उसळ, मूठभर शेंगदाणे. अंडी चालत नाहीत त्या वारी वड्या वाढतात आणि घरात तोंडं वाकडी होतात. भडंग सोडलेलं नाही. सांगलीत राहून ते सोडायचं असेल तर मग मिरजेला राहायला जावं. खाण्यापेक्षा मला झोपेचा जास्त फरक पडला. लग्नसराईत रात्री दोनपर्यंत मशीन चालतं, त्या महिन्यांत टेप एका सुतानंही हलत नाही.

माप कसं घ्यायचं तेवढं सांगतो, कारण त्यात सगळे स्वतःला फसवतात. महिन्यातून एकदा, सकाळी, व्यायामाच्या आधी, हात लोंबता सोडून. खांद्याचं हाड आणि कोपराचं टोक यांच्या बरोबर मध्यावर खडूची खूण करायची आणि टेप तिथंच. टेप नुसता टेकला पाहिजे, रुतता कामा नये. जमल्यास दुसऱ्याकडून घ्यावं. माझं बायको घेते आणि ती गिऱ्हाइकाला सोडत नाही तिथं मला काय सोडणार. या महिन्याला उजवा १२ इंच ७ सूत, डावा १२ इंच ५ सूत. कात्री उजव्या हातात असते, दोन सूत तिथं गेले असावेत.

गेल्या आठवड्यात माझाच एक शर्ट दंडात काचायला लागला. गिऱ्हाइकाच्या कपड्यात मी भरपूर माया, म्हणजे शिवणीच्या आत जादा कापड, सोडतो. स्वतःचा शिवताना कापड वाचवायला जेमतेम पाव इंच सोडली होती. उसवून बघितलं तर दोन्हीकडून मिळून दोन सूत निघाले, त्यात भागेना. बायको काजं करता करता म्हणाली, "नवीन शिवा की आता." कापड काढून ठेवलंय. वहीत माझ्या नावापुढं दंड १३ लिहिलाय, पण त्याच्या आधी सत्तावीस जणांचे कपडे लागलेत.