तिसरी तार कुठे गेली?

दुपारच्या नाटकाचा पडदा पावणेसातला पडला. आमचा कार्यक्रम साडेआठचा. म्हणजे मधल्या पावणेदोन तासांत त्यांचा दिवाणखाना टेम्पोत चढणार, आमचा ऑर्केस्ट्रा टेम्पोतून उतरणार आणि दोन्ही टेम्पो एकाच गल्लीत समोरासमोर अडकणार. दादरला साउंडचं काम करणाऱ्याला यात नवीन काही नाही. जुन्या हिंदी-मराठी गाण्यांचा कार्यक्रम, अकरा वादक, पाच गायक, तिकिटं जवळजवळ संपलेली.

साडेसातला मी मिक्सरवर बसलो. गिटारवाल्या पोराने दोन कॉर्ड वाजवले आणि हात थांबवला.

"दादा, अँप गेला."

"गेला म्हणजे?"

"ऐका ना. भोपळ्यात बसून वाजवल्यासारखं येतंय. आणि तिसरी तार मरतेय."

दोनच दिवसांपूर्वी परळच्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये आमची रिहर्सल झाली होती. तेव्हा हाच अँप, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारं यंत्र, इतका सुरेख वाजत होता, की याने प्रत्येक नॉबपाशी पांढऱ्या पेनने खुणा करून ठेवल्या होत्या. आताही नॉब बरोब्बर खुणांवरच होते. टेम्पो खड्ड्यांतून आला, वाटेत अँपच्या आतला एखादा काचेचा व्हॉल्व्ह हलला, असा त्याने निकाल देऊन टाकला. कीबोर्डवाल्याने तर बोरिवलीच्या मित्राला अँप घेऊन ये म्हणून फोनही लावला. शनिवारची संध्याकाळ. तो पोचेपर्यंत आमची भैरवी झाली असती.

आता कॅबबद्दल सांगायला हवं. कॅब म्हणजे स्पीकरचं कॅबिनेट, अँपचा आवाज बाहेर पडतो ते. आमच्यात पेटी म्हटलं की हार्मोनियम, त्यामुळे याला सगळे कॅबच म्हणतात. मग 'कॅब आली का?' असं कुणी ओरडलं की गायिका पर्स उचलते. तर या पोराची कॅब गिरगावातल्या सुताराकडून करून घेतलेली, १८ मिलिमीटरच्या मरीन प्लायची, आत बारा इंची दोन स्पीकर शेजारी शेजारी, पाठ पूर्ण बंद. वजन विचारू नका. ती त्याने रंगमंचावर अगदी मागे, काळ्या पडद्याला खेटून, आडवी ठेवली होती. स्वतः तिच्यापुढे चार फुटांवर उभा.

मी हेडफोन चढवला. कॅबच्या जाळीपासून दोन बोटांवर एसएम ५७ लावलेला होता. हा माइक १९६५ पासून बाजारात आहे आणि गिटारच्या स्पीकरपुढे अजून तोच लागतो. पोराला म्हटलं, वाजव. हेडफोनमध्ये गिटार स्वच्छ. तिसरी तार ठणठणीत. हेडफोन काढला, तर परत भोपळा.

इथे माझा जीव भांड्यात पडला. दोन बोटांवरच्या माइकला स्पीकर तेवढा ऐकू येतो, खोली जवळजवळ नाहीच. त्याला आवाज चांगला येतोय म्हणजे अँप, व्हॉल्व्ह, स्पीकर, टेम्पो, सगळे निर्दोष. बिघडली होती ती जागा. हे त्या पोराला सांगितलं तर त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी वास्तुदोष सांगतोय.

रंगमंचावर गेलो. तो खालची जाड तार वाजवत होता आणि त्याच्या पँटचे पाय मागून फडफडत होते. मी कॅबसमोर गुडघे टेकले आणि कान स्पीकरच्या उंचीवर आणला. आवाज इतका टोकदार, की डोळे मिटले. तिथून हळूहळू उभा राहिलो, तसतशी धार गळत गेली, आणि त्याच्या कानाच्या उंचीला नुसता लगदा उरला. बारा इंची स्पीकर साधारण हजार हर्ट्झपासून वरचे सूर टॉर्चसारखे सरळ फेकायला लागतो. ती टॉर्च याच्या पोटऱ्यांवर पडत होती आणि पायांमधून थेट तिसऱ्या-चौथ्या रांगेवर. याला धार ऐकू येत नाही म्हणून हा ट्रेबल वाढवणार, आणि भरणार कोण, तर तिकीट काढून बसलेल्या काकू. इतकी वर्षं 'गिटार कानात घुसते' ही तक्रार आली की मी मिक्सरवर गिटार खाली करायचो. माझ्या स्पीकरमधून ती तशीही फारशी जात नव्हती, हे त्या दिवशी गुडघ्यांवर बसल्यावर डोक्यात शिरलं.

हे झालं वरच्या सुरांचं. तिसऱ्या तारेचा हिशेब लागत नव्हता. पडद्यामागे हात घातला, तर लगेच भिंत. पडदा बघून आपण समजतो की आवाज तिथे मरतो. पातळ कापडात वरचे सूर थोडेफार अडकतात, खर्जाला पडद्याची पर्वा नसते. तो मागे पसरतो, भिंतीवर आपटतो आणि पुढे येऊन मूळ आवाजाला भेटतो. कॅबच्या तोंडापासून भिंतीपर्यंत अंतर मोजलं. टेप कधीच जागेवर नसते, पण माझी वीत २२ सेंटिमीटरची आहे. बरोब्बर दोन विती.

चव्वेचाळीस सेंटिमीटर. गिटारची मोकळी तिसरी तार १९६ हर्ट्झची, तिची लाट पावणेदोन मीटर लांब, आणि तिचा चौथा हिस्सा चव्वेचाळीस सेंटिमीटर. भिंतीकडे जायला पाव लाट, यायला पाव लाट. परत आलेला सूर अर्धी लाट मागे पडलेला, म्हणजे नेमका उलटा, पुढच्या सुराला खाणारा. तिसरी तार मरत नव्हती, भिंत तिला गिळत होती. त्याखालच्या सुरांना मात्र तीच भिंत उचलून धरत होती, आणि जमीनही. भोपळा झाला तो असा.

एवढ्यात रंगमंचावरचे एक कामगार काका जवळ आले. मघापासून विंगेत उभे राहून बघत होते.

"ओ साउंडवाले, खाली पोकळ आहे." त्यांनी टाच आपटली. धप्प. "लावणीचा कार्यक्रम असला की इथे नाचू देत नाही आम्ही. तुम्ही डबा नेमका ढोलावर ठेवलात."

मी फळीवर तळवा ठेवला आणि पोराला जाड तार वाजवायला लावली. मनगटापर्यंत थरथर आली.

आठला दहा कमी होते. काकांनी विंगेतून एक लाकडी ठोकळा ओढत आणला, गुडघाभर उंच, सोनेरी रंग दिलेला. वर गादीचा फोम दुमडून टाकला, म्हणजे कॅबची थरथर फळ्यांत उतरणार नाही. ठोकळा भिंतीपासून दीड मीटर पुढे घेतला. भिंत सूर गिळते तो खड्डा पूर्ण बुजत नाही, फक्त खालच्या सुरांकडे सरकतो. दीड मीटरला तो ५७ हर्ट्झच्या आसपास जातो, आणि गिटारचा सर्वांत खालचा सूरच ८२ चा. मग कॅब उभी केली. दोन स्पीकर आडवे शेजारी असले की बाजूला उभ्या माणसाला दोघांचे आवाज पुढेमागे मिळतात आणि वरचे सूर एकमेकांना कापतात. एकावर एक ठेवले की आडवा पसारा सुधारतो, शिवाय वरचा स्पीकर छातीपर्यंत येतो. शेवटी तोंड प्रेक्षकांवरून काढून रंगमंचावर तिरपं, त्याच्या कानाच्या रोखाने फिरवलं.

"आता वाजव. नॉबला हात लावू नकोस."

त्याने एकच कॉर्ड वाजवला आणि दचकून मान मागे घेतली. "दादा, केवढा कर्कश आहे हा!"

"तू गेली तीन वर्षं तिसऱ्या रांगेला हेच ऐकवतोयस."

तो काही बोलला नाही. स्वतःच ट्रेबल खाली घेतला, मग व्हॉल्यूम सहावरून साडेतीनवर आणला. पांढऱ्या खुणा वर राहिल्या. मग मोकळी तिसरी तार छेडली, परत छेडली, आणि हसला. गायिकेने मात्र लगेच तक्रार केली, की गिटार आता तिच्या माइकमध्ये शिरतेय. खरं होतं. कॅब थोडी आणखी वळवली, तिला दोन पावलं पुढे घेतलं. पूर्ण मिटलं नाही, पण चाललं. कीबोर्डवाल्याच्या मित्राला अंधेरीहून परत पाठवलं. तो अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

तिसरी घंटा आठ पस्तीसला झाली. कार्यक्रमात मी गिटार खाली करायला एकदाही हात उचलला नाही. उलट दोन सोलोंना वर घ्यावी लागली.

रात्री बाराला सामान भरताना पोरगा म्हणाला, "दादा, त्या ठोकळ्याची मापं घ्या ना. सुताराला सांगतो." मी वीत पसरून मागे वळलो, तर ठोकळा जागेवर नव्हता. काकांनी तो केव्हाच रंगमंचाच्या मधोमध नेऊन वर सिंहासन चढवलं होतं. सकाळी अकराला बालनाट्याचा प्रयोग होता.