ट्रोम्सोचा अरोरा : आधी ढगांचे विचारा

नॉर्वेतील ट्रोम्सोला अरोरा, म्हणजे रात्रीच्या आकाशातला ध्रुवीय प्रकाश, पाहण्यासाठी गाडी ठरवताना दराआधी एकच गोष्ट विचारावी : आकाश भरलेले असेल, तर तुम्ही किती लांब नेणार? आमच्या पहिल्या चालकाने माणशी भरभक्कम रक्कम घेतली, शहराला लागून असलेल्या क्वालोया बेटावर दाट ढगांखाली गाडी उभी केली आणि ‘आज केपी पाच आहे, धीर धरा’ असे ऐकवत (केपी म्हणजे अरोराचा जोर सांगणारा शून्य ते नऊ असा भूचुंबकीय निर्देशांक) मध्यरात्र उलटेपर्यंत आम्हांला बर्फात ताटकळत ठेवले. ही शुद्ध फसवणूक आहे. अरोरा साधारण १०० किलोमीटर उंचीच्या वर चमकतो आणि ढग त्याच्या कितीतरी खाली असतात, तेव्हा केपी नऊ झाला तरी उपयोग शून्य. शिवाय ट्रोम्सो ६९ अंश उत्तरेच्याही पुढे, अरोराच्या वलयाखालीच असल्यामुळे तेथे निरभ्र रात्री केपी दोनही पुरतो.

दुसऱ्या चालकाने ढगांचा नकाशा पाहून ई-८ महामार्गाने थेट शिबोटन हे गाव गाठले. समुद्रावरून येणारे बाष्प ल्युंगेनच्या डोंगरांत अडते आणि महाबळेश्वरला झोडपणारा पाऊस फलटणला पोहोचत नाही, तसे शिबोटन कोरडे राहते. ट्रोम्सोच्या विद्यापीठाची वेधशाळा तेथे आहे, ती उगाच नव्हे. जाऊन-येऊन तीन-चार तास प्रवासात जातात. ते जाऊ द्यावेत. शहरातील दिवसांविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. केबल कार बरी आहे.

सुरुवातीला डोळ्यांना राखाडी पट्टाच दिसतो, म्हणून तो ढग की अरोरा हे ठरवण्यासाठी मोबाइलवर तीन सेकंदांचा फोटो काढावा. हिरवा आला की ट्रायपॉड उघडावा. एफ २.८ (लेन्सचे छिद्र), आयएसओ १६०० (प्रकाशाची संवेदनशीलता) आणि आठ सेकंदांच्या एक्स्पोजरपासून सुरुवात करावी. पण अरोराचा पडदा जोरात हलू लागताच दोन सेकंदांवर यावे, नाहीतर त्याच्या चुण्या पुसल्या जाऊन नुसता हिरवा लगदा उरतो. (त्या रात्री खालच्या कडेला गुलाबी झालर धावली, तेव्हा पहिल्या चालकालाही क्षणभर माफ करावेसे वाटले.) फोकस ठळक ताऱ्यावर हाताने जुळवून लेन्सच्या कड्यावर चिकटपट्टी लावावी, कारण जाड हातमोज्याचा नुसता धक्का लागला तरी कडे सरकते. जादा बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवाव्यात. आणि गाडीत शिरण्यापूर्वी कॅमेरा बाहेरच हवाबंद पिशवीत घालावा, अन्यथा लेन्सवर पाणी धरते आणि पुढच्या थांब्यावर त्याचा बर्फ होतो.