मोहाखालची पहाट

मार्च संपत आला की साकोलीहून पिटेझरीकडे जाताना जंगल आरपार दिसतं. सागाची पानं झडलेली, पळसाचा बहर ओसरलेला. नागझिऱ्याची सफारी मी याआधी केली आहे, वाघही पाहिला आहे. या खेपेला मात्र जंगलाला लागून असलेल्या एका गावात, मैत्रिणीच्या मामीकडे, फक्त मोह वेचायला गेले होते.

रात्री जेवणं झाल्यावर आम्ही बांधावरच्या मोहाखाली जाऊन उभ्या राहिलो. उग्र गोड वास, आणि वर अंधारात पंखांची फडफड. वटवाघळं आली होती. मोहाचं फूल रात्री उमलतं, ते यांच्यासाठीच. गर खाताना त्यांच्या तोंडाला पराग लागतात आणि ते पुढच्या झाडावर जातात.

पहाटे चारला जाग आली तर टप टप आवाज चालू होता. मी टोपली उचलली, तर मामींनी हात धरला. "थांब पोरी. पयले आसवल खाऊन जाईन, मंग आपन." दरवर्षी मोह वेचताना अस्वलानं माणसाला फाडल्याच्या बातम्या येतात. अंधारात दोघंही एकाच झाडाखाली वाकलेले असतात आणि अगदी जवळ येईपर्यंत दोघांनाही कळत नाही. उजाडल्यावर आम्ही मोठ्यानं बोलत, खोकत निघालो. झाडाखाली अस्वलाची ताजी विष्ठा होती, तीत अर्धवट पचलेली मोहफुलं.

एक फूल तळहातावर घेऊन नीट पाहिलं. मलईच्या रंगाचा पोकळ, मांसल मणी. आतल्या भिंतीला परागकोश चिकटलेले, तळाला भोक. मान वर केली तर फांदीवर देठांच्या झुबक्यांतून बारीक हिरव्या शेपट्या बाहेर आलेल्या. म्हणजे फळ धरणारा भाग झाडावरच राहतो; खाली पडतं ते काम संपलेलं फूल. अस्वलानं खाल्लं, चितळानं खाल्लं, मामींनी टोपलीभर नेलं, तरी झाडाचं काहीच जात नाही. मला हे इतकं सुंदर वाटलं की वेचायचं सोडून मी तशीच बसून राहिले.

नऊच्या सुमारास जंगलाच्या कडेच्या मोहावर वानरं चढली. ती खातात कमी, पाडतात फार. खाली चितळांचा कळप त्याचीच वाट बघत होता. वानराची नजर उंचावरून लांब पोचते, चितळाचं नाक वारा ओळखतं. बिबट दिसला की जो आधी ओरडेल त्याच्या आवाजावर दोघंही सावध होतात.

शेजारच्या मोहाखाली मात्र जमीन काळी होती. फुलं पटकन दिसावीत म्हणून पाला जाळतात. तीच आग कधी जंगलात शिरते, आणि शिरली नाही तरी उगवलेलं रोप जळतंच. त्याच पाल्यावर वाळवी जगते आणि वाळवीवर अस्वल. वेचणाऱ्याची घाई मला समजते. वर्षाचं मीठमिरची त्या टोपलीवर असतं. तरीही ती राख बघवत नव्हती. मामी खराट्यानं पाला बाजूला लोटतात. वेळ लागतो, पण त्या तसंच करतात.

पुढे टोरी, म्हणजे मोहाचं फळ, पिकली की तीही तेलासाठी वेचली जाते. तिचं बी फार दिवस टिकत नाही, पावसात लगेच रुजावं लागतं. म्हणून गावाच्या बांधांवर मला जुनेच मोह दिसले. तरणं झाड शोधूनही सापडेना.

निघताना मामी मला घरामागच्या आंब्याखाली घेऊन गेल्या. तिथं वीतभर उंचीची मोहाची दोन रोपं होती. जवळपास मोहाचं झाड नाही.

"कोनी लावलं?"

"कोनीच नाई. आपसूक आलं."

आंब्यावर रात्री वटवाघळं टोरी घेऊन येतात, गर खातात आणि बी खाली टाकतात. बकऱ्यांनी तोंड लावू नये म्हणून मामींनी दोन्ही रोपांभोवती बोराटीच्या काट्या रोवल्या होत्या.