आठ आसनांच्या विमानात आठ जण का बसले नाहीत

एका कारखान्यातली बंद पडलेली यंत्रणा सुरू करायला आठ तंत्रज्ञ न्यायचे आणि त्याच दिवशी परत आणायचे होते. अंतर ४५० किलोमीटर. हबमार्गे, म्हणजे मोठ्या विमानतळावर विमान बदलून, पहिलं विमान १ तास ५ मिनिटं, मध्ये २ तास ४० मिनिटं थांबा, पुढे ५० मिनिटं. परतीचं शेवटचं विमान दुपारी ३:१० ला, म्हणजे कामाला जेमतेम दोन तास. म्हणून ग्राहकाने आमच्याकडे चार्टर, म्हणजे अख्खं विमान भाड्याने, मागितलं आणि आम्ही किंग एअर बी२०० या आठ आसनांच्या छोट्या विमानाचं वजन मांडायला घेतलं.

कमाल उड्डाण वजन ५,६७० किलो. दोन पायलट धरून विमान ४,०००. उरले १,६७०. तिकडे इंधन मिळत नसल्याने परतीचंही इथूनच न्यायचं: जाताना ३३०, येताना ३३०, गरज पडल्यास पर्यायी विमानतळ गाठायला आणि ४५ मिनिटांचा राखीव साठा मिळून ३००, विमान जमिनीवर धावपट्टीपर्यंत न्यायला ४०. माणसं-सामानाला राहिले ६७०.

ग्राहकाच्या यादीत सगळ्यांचं वजन सरसकट ७५! अशी यादी आली की आम्ही सरळ काट्यावर उभं करतो. सरासरी ८२ निघाली, म्हणजे ६५६ किलो. बॅगा ६४, अवजारांच्या पेट्या १५०. एकूण ८७०; दोनशे जास्त.

मग एक तंत्रज्ञ पेट्या घेऊन आदल्या दिवशी हबमार्गे गेला. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घेतले, म्हणजे पहिलं विमान रखडलं तर पुढची सोय एअरलाइनच्या गळ्यात. प्रत्येक पेटी ३२ किलोंच्या आत आणली. ड्रिलच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या टोकांना चिकटपट्टी लावून हातातल्या बॅगेत. चेक-इनमध्ये त्या चालत नाहीत.

बिलावरून वाजलंच. ग्राहकाने जाऊन-येऊन उड्डाणाचे दोन तास धरले होते. पण विमान ४० मिनिटांवरच्या तळावरून रिकामं येणार, रिकामंच परतणार, म्हणून ३ तास २० मिनिटं. काही जण ही रिकामी फेरी कोटेशनच्या तळाशी बारीक अक्षरात दडवतात. ती पहिल्याच ओळीत हवी.

तिथल्या धावपट्टीला दिवे नाहीत. सूर्यास्त ६:२० चा, म्हणून ५:४५ ला निघायचंच, हे लेखी कळवलं होतं. ५:२० ला फोन आला: चाचणी अजून तासभर चालेल. कॅप्टन थांबला नाही. पाच जण परतले. दोघं चाचणीसाठी राहिले आणि पेट्यांवाल्यासोबत दुसऱ्या दिवशी हबमार्गे आले.