अकरा वर्षांचं मन

शुक्रवार, रात्री साडेदहा

आज जज्जसाहेबांनी पोराला चेंबरमध्ये एकट्यालाच बोलावलं. आम्ही दोघी वकील, त्याची आई, बाबा, आजोबा, सगळे बाहेरच्या बाकावर. पंधरा-वीस मिनिटांनी तो आला. मुठीत चॉकलेट, चेहऱ्यावर काही नाही. आईकडे जावं की आजोबांकडे हे ठरेना, म्हणून खाली बसून सुटलेली नसलेली बुटाची नाडी बांधत राहिला.

आई हिंदू, बाबा ख्रिस्ती, लग्न रजिस्टर. ताब्याचा अर्ज. पोरगं दर रविवारी आजोबांबरोबर चर्चला जातं, संडे स्कूलमध्ये वचनं पाठ करतं. माझी पक्षकार आई. "मॅडम, तुम्ही ख्रिस्ती, तरी माझी केस घ्याल?" तिने पहिल्याच भेटीत विचारलं होतं. म्हटलं, वकीलपत्रावर धर्माचा रकाना नसतो.

पालक आणि पाल्य अधिनियमात मात्र तो आहे. 1890चा कायदा, कलम 17 म्हणतं, पाल्याचं वय, लिंग, धर्म बघा, आणि त्याला समजून निवड करण्याइतकी जाण असेल तर त्याची इच्छाही विचारात घेता येईल. जाण कधी येते, हे कायदा सांगत नाही. शहाणपणाच केला म्हणायचा.

घरी आल्यापासून श्रीपत शेषाद्री डोक्यातून जात नाही. 1843, मुंबई. नारायण आणि श्रीपत शेषाद्री, स्कॉटिश मिशनच्या शाळेतले ब्राह्मण भाऊ. नारायणाने बाप्तिस्मा घेतला. पुढे तो रेव्हरंड झाला, जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत वसवली. श्रीपत जेमतेम बारा वर्षांचा. तोही मिशनऱ्यांकडे जाऊन राहिला होता. वडील मुंबईच्या तेव्हाच्या सुप्रीम कोर्टात गेले आणि कोर्टाने पोर बापाच्या हवाली केलं. मग दुसरंच संकट: पाद्र्यांच्या घरी जेवलेल्या मुलाला जात परत घेईना. बाळशास्त्री जांभेकरांनी त्याच्या प्रायश्चित्तासाठी पुढाकार घेतला, तर सनातन्यांनी त्यांच्यावरच आग पाखडली. सगळे श्रीपतबद्दल बोलत होते. कोर्ट, मिशन, जात, वर्तमानपत्रं. त्याचं वय मोजलं गेलं, मन कुणी मोजलं?

1 मे 1947ला संविधान सभेत हेच भांडण पुन्हा निघालं. अठरा वर्षांखालच्या मुलाचं धर्मांतर कायद्याने मानायचं नाही, अशी कन्हैयालाल मुन्शींची दुरुस्ती. पुरुषोत्तमदास टंडन म्हणाले, शंभर रुपयांची झोपडी विकायला पोराची सही चालत नाही आणि धर्म बदलायला चालते? मुद्दा धारदार आहे, मी विरुद्ध बाजूला असते तर उत्तर शोधताना घाम फुटला असता. आसामचे रेव्हरंड निकोल्स-रॉय स्वतःची गोष्ट सांगत उठले: पंधराव्या वर्षी मला देवाची हाक आली. आंबेडकरांची अडचण व्यवहारी होती: आईबाप धर्म बदलतील तेव्हा त्यांच्या लहानग्यांचं काय करायचं? शेवटी ते कलमच गळालं. संविधानाच्या 25व्या अनुच्छेदात उरलं ते सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य, 'सर्व व्यक्तींना'. वयाची अट नाही.

आणि मी? तीन महिन्यांची असताना माझा बाप्तिस्मा झाला. सैतानाचा त्याग करतेस का, या प्रश्नाला माझ्या वतीने 'हो' म्हणाली मावशी. मी झोपले होते म्हणे. चौदाव्या वर्षी दृढीकरण, म्हणजे बाप्तिस्म्याचं वचन स्वतःच्या तोंडाने पक्कं करायचा विधी, तेव्हा निदान जागी होते. पण खरं सांगायचं तर पांढरा फ्रॉक आणि मैत्रिणी, एवढंच आठवतं. विश्वास त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आला, तोही चर्चमध्ये नाही, पप्पांच्या उशाशी बसून जागताना. कुठल्या साहेबांनी मला चौदाव्या वर्षी चेंबरमध्ये बोलावलं असतं तर मी कडकडीत आवाजात विश्वासांगीकार, म्हणजे श्रद्धेची कबुली, म्हणून दाखवला असता. समजून निवड, असं नोंदवलं गेलं असतं.

उद्या लेखी युक्तिवाद टाइप करायला द्यायचा. पक्षकाराला हवंय ते असं: मुलाचं चर्चला जाणं ही त्याची निवड नाही, आजोबांचा पगडा आहे. पुरावाही आहे, उलटतपासणीत आजोबांनी स्वतःच कबूल केलं की रविवारी नाश्त्याला घावन मिळतात म्हणून पोरगं लवकर उठतं. लिहिता येईल, चांगलं लिहिता येईल. मुद्दा 5 पर्यंत झालं: शाळा, घर, आईची नोकरी, खर्च. सहाव्याला 'धर्म' एवढंच शीर्षक टाकून ठेवलंय. सकाळी आठला टायपिस्ट येईल.