दिवेलागणीला बंद पडणारा कॅमेरा

दहिसर पश्चिमेला कांदरपाड्यात आमचं जुनं बैठं घर आहे. पुढे अंगण, मागे विहीर आणि मागच्या गल्लीत उघडणारं लहान फाटक. गेल्या पावसाळ्यात त्या फाटकातून कुणीतरी शिरलं आणि विहिरीवरची मोटर उचलून नेली. मी बोरिवलीला बँकेत, घरी यायला साडेसात होतात. तोवर आई घरात एकटी. गणपती झाले की कॅमेरे बसवायचे, हे तेव्हाच ठरवलं.

घ्यायचे तर वायरचेच. वायफायच्या बहुतेक कॅमेऱ्यांनाही विजेसाठी वायर ओढावीच लागते, आणि आमच्या दीड फुटी भिंतींतून मागच्या पडवीपर्यंत सिग्नल पोचत नाही. लॅमिंग्टन रोडला एका शनिवारी तीन दुकानं फिरले, दर काढले आणि शेवटी घराजवळच्याच एका डीलरला काम दिलं, बिघडलं तर माणूस जवळ असावा म्हणून. दोन मेगापिक्सेलचे चार कॅमेरे, चित्रण साठवणारा डीव्हीआर, त्यात एक टीबीची हार्डडिस्क. रविवारी डीलरची मुलं आली आणि संध्याकाळपर्यंत काम उरकून गेली.

त्याच संध्याकाळी आईने देवापुढे दिवा लावला आणि टीव्हीवरचा चौथा चौकोन काळा झाला. वर अक्षरं: ‘व्हिडिओ लॉस’, म्हणजे चित्र येत नाही. मिनिटाभराने चित्र आलं, पुन्हा गेलं. रात्रभर हेच. सकाळी उजाडलं की चित्र स्वच्छ. चौथा कॅमेरा म्हणजे मागच्या फाटकाचा. ज्या जागेसाठी एवढा खर्च केला, तीच जागा नेमकी रात्री दिसत नव्हती.

डीलर दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला आला. चित्र चालू. म्हणाला, “मॅडम, चालतोय की.” संध्याकाळी या म्हटलं तर त्याची माणसं सहानंतर येत नाहीत. चार दिवस फोन केल्यावर त्याने सांगितलं की कॅमेऱ्यातच दोष असणार, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला द्या.

त्या सर्व्हिस सेंटरचा राग मला अजून आहे. रजा काढून गेले, टोकन घेतलं, पाऊण तास बसले. काउंटरवरच्या मुलाने फॉर्मवर ‘नॉट वर्किंग’ लिहिलं. मी म्हटलं, “असं नाही, ‘रात्री बंद पडतो’ असं लिहा.” त्याने लिहिलं नाही, कारण त्याच्या यादीत तसा पर्याय नव्हता. नऊ दिवसांनी कॅमेरा परत मिळाला, चिठ्ठीवर शेरा: ‘टेस्टेड ओके’. बसवला. दिवेलागणीला काळा.

दुसऱ्यांदा गेले तेव्हा टेबलापर्यंत जाऊन पाहिलं. लख्ख ट्यूबलाइटखाली कॅमेरा टेबलावर ठेवून, वीतभर वायरने जोडून ते तपासत होते. मी विनवलं, की एकदा लेन्स झाकून बघा, अंधारातच त्रास होतो. “आमची तशी प्रोसेस नाही.” पुन्हा ‘टेस्टेड ओके’. तिसऱ्या खेपेला त्यांनी कॅमेराच बदलून दिला, आणि नवा कॅमेराही त्याच वेळी काळा पडला. तोवर दिवाळी होऊन गेली होती. दोन महिने आई रात्री मागच्या दाराला आतून पाट लावून झोपत होती.

शेजारचे तात्या रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेत. त्यांना हे सगळं सांगितलं तर ते म्हणाले, “पोरी, दोन कॅमेरे एकाच रोगाने आजारी पडत नाहीत. वायर बघ.” रविवारी भर दुपारी त्यांनी शिडी लावली आणि कॅमेऱ्यावर काळं घोंगडं टाकलं. अर्ध्या मिनिटात चित्र गेलं. घोंगडं काढलं, चित्र आलं. मी दोन महिने जे ओरडून सांगत होते ते पाच मिनिटांत सिद्ध झालं.

कारण असं. अंधार झाला की कॅमेऱ्यातले इन्फ्रारेड दिवे लागतात आणि करंट एकदम वाढतो. आमचा वीजपुरवठा १२ व्होल्टचा, डीव्हीआरजवळच्या एसएमपीएसमधून, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यातून येणारा. नकाशावर मागचं फाटक वीस मीटरवर असेल, पण भिंतीच्या कडेने वळसे घेत वायर पस्तीस मीटर झाली होती. तात्यांनी कॅमेऱ्याच्या टोकाला मीटर लावला: दिवसा अकरा व्होल्ट, अंधारात जेमतेम नऊ, म्हणजे कॅमेऱ्याला अपुरे. मग ब्लेडने वायर खरवडली. वरून तांबूस, आत पांढरी. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. अशा वायरीचा रोध शुद्ध तांब्याच्या दीडपटीहून जास्त असतो, आणि त्यातून ती केसासारखी बारीक.

जुन्या ३+१ केबलवर (चित्राची एक आणि विजेच्या वगैरे तीन बारीक तारा एकत्र असलेली) चित्र तसंच ठेवलं आणि विजेसाठी एक चौरस मिलिमीटरची दोन तारांची तांब्याची वायर वेगळी ओढली. खर्च दीड हजाराच्या आत. त्या रात्री मीटरवर साडेअकरा व्होल्ट.

म्हणून कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल नंतर विचारा, आधी वायर विचारा. बिलावर ‘शुद्ध तांबं’, जाडी आणि मीटर लिहून घ्या. माझ्या बिलावर नुसतं ‘वायरिंग’ होतं आणि डीलर आज त्याच्यावरच बोट ठेवतो. घर लांबलचक असेल तर नेटवर्कचे पीओई कॅमेरे घ्या, म्हणजे ज्यांत चित्र आणि वीज एकाच नेटवर्क केबलमधून जातात. त्यात वीज साधारण ४८ व्होल्टने जाते, त्यामुळे वाटेत दोन-तीन व्होल्ट गळाले तरी बिघडत नाही, आणि एका केबलला शंभर मीटरची मुभा असते. केबल मात्र तिथेही तांब्याचीच हवी. पैसे वाचवायला मी जुन्या पद्धतीचे घेतले, आता घेतले नसते.

पाण्याचं राहिलंच. आयपी ६७, म्हणजे धूळ-पाणी आत न शिरण्याची खूण, लिहिलेली असते ती कॅमेऱ्याच्या डब्याला. मागे लोंबणारा बीएनसी (चित्राच्या वायरीचा) आणि विजेच्या पिनचा जोड उघडा राहिला तर मुंबईच्या पावसात एका मोसमात गंजतो. जोडासाठी पीव्हीसी बॉक्स लावायलाच सांगा, आणि वायर भिंतीत शिरण्याआधी तिला खाली झोळ ठेवा, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकतं. रात्री चित्र धुरकट दिसलं तर आधी कोळ्याचं जाळं बघा, इन्फ्रारेडमध्ये ते पांढरंफेक चमकतं. अंगणाला २.८ मिलिमीटरची लेन्स पुरते, फाटकावरच्या माणसाचा चेहरा लांबून ओळखायचा असेल तर सहाची घ्या. एक टीबीत आमच्या चार कॅमेऱ्यांचं अकरा-बारा दिवसांचं चित्रण राहतं. आणि ९ एप्रिल २०२५ पासून कॅमेऱ्यांना सुरक्षेचे नवे निकष सक्तीचे झालेत, तेव्हा खोक्यावरचा बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) नोंदणी क्रमांक बीआयएस केअर ॲपवर टाकून बघा.

वायरीचे पैसे आणि तीन रजा मी सोडलेल्या नाहीत. ‘टेस्टेड ओके’च्या दोन्ही चिठ्ठ्या, खरवडलेल्या वायरीचा तुकडा आणि मीटरचे फोटो जपून ठेवलेत, आणि ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली आहे. डीलरचा काल पहिल्यांदाच स्वतःहून फोन आला.